बासष्ट मेंढरांची कंटिन्यूइटी

जीप बाभळीच्या वळणावरून खाली उतरली आणि आमचा कॅमेरामन योगेश म्हणाला, "ही कुणाची मेंढरं?"

समोर आमच्या सिनेमातल्या मेंढपाळाचा, आबांचाच तळ होता. तीच वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायला खुंट्यांवर ताणून बांधलेली जाळी. तेच लिंबाचं झाड, तेच भुंकणारं काळं कुत्रं. आतली मेंढरं मात्र आमची नव्हती. आमची मेंढरं गुबगुबीत, काळ्या दाट लोकरीची, चालताना डुलणारी. ही सगळी बारीक, लांब मानेची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

आबा हसत पुढं आले. "या, या. गेल्या आठवड्यात कातरली. लय हलकी झाली बगा!"

आमची दिग्दर्शक ऋता जीपमधून उतरलीच नाही. तिनं आधी मेंढरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिथं चूक एकाच माणसाची होती आणि ते माणूस म्हणजे मी, हे तिलाही कळलं होतं आणि मलाही.

मी सिनेमाच्या सेटवर कंटिन्यूइटी बघते. सांगलीत घर, पण बावीस वर्षं मुक्काम शूटिंग असेल तिथं. लोक विचारतात, कंटिन्यूइटी म्हणजे काय? मी म्हणते, लक्षात ठेवायची नोकरी. सिनेमा तुकड्यातुकड्यांत शूट होतो, तोही उलटसुलट. हिरो दारातून आत येतो तो शॉट आज, आणि दाराबाहेर चप्पल काढतो तो शॉट दहा दिवसांनी. मधल्या काळात त्याची चप्पल बदलता कामा नये, मिशी वाढता कामा नये, शर्टाचं उघडं बटण बंद होता कामा नये. ते सगळं बघायचं, फोटो काढायचे, वहीत लिहायचं. पाचगणीला एका मालिकेच्या शूटिंगमध्ये मी हिरॉइनला अर्धी खाल्लेली स्ट्रॉबेरी खाली ठेवायला लावली होती, कारण आदल्या शॉटमध्ये ती पावच खाल्लेली होती. तेव्हापासून युनिटमधली पोरं मला घार म्हणायची. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

तर ही घार ज्या सिनेमासाठी जत तालुक्यात आली होती, त्या सिनेमाचं बजेट विचारू नका. ऋता साताऱ्याची. वय बत्तीस. पुण्यातली नोकरी सोडून पहिला सिनेमा करत होती. तिचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, ड्रायव्हर आणि स्वयंपाकी. योगेश एरवी लग्नाचे व्हिडिओ काढतो, कॅमेरा त्याचाच. आवाज घ्यायला एक जण. आणि मी. मी तिच्याकडं का गेले? तिनं मला पटकथा वाचून दाखवली आणि शेवटच्या पानावर मी रडले. बावीस वर्षांत पटकथेवर रडायची ती माझी पहिलीच वेळ.

गोष्ट अगदी छोटी होती. एका म्हाताऱ्या मेंढपाळाची एक मेंढी चुकते. तो दिवसभर माळावर तिला शोधतो. संध्याकाळी सापडते. बस. सगळी गोष्ट एका दिवसात घडते, त्यात ऋताची हुशारीही होती. एक दिवस म्हणजे एकच कपडा, एकच जागा, एकच कळप. कमी पैशात सिनेमा करणाऱ्यानं काळ कमी ठेवावा, असं ती म्हणायची. मला तर बरंच वाटलं. एका दिवसाची कंटिन्यूइटी, त्यात काय बिघडणार?

आबा आणि आक्का ही खरीखुरी मेंढपाळ जोडी. दोघंही सत्तरीच्या आसपास. आक्कांचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं त्या माणसांशी मराठीत आणि मेंढरांशी कानडीत बोलायच्या. आबांना ऋतानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते जमिनीकडं बघत गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "माझे गुडगे गेल्यात पोरी. पोरगा कुपवाडला कारखान्यात हाय, तो म्हंतो आता तिकडं चला. पाडव्यानंतर मेंढरं जानार. गिऱ्हाईक ठरलंय."

"मग पाडव्याच्या आत करू आबा," ऋता म्हणाली.

"करू की. पैसं दिऊ नका. फकस्त येक करा." त्यांनी कळपाकडं हात केला. "ही समदी दिसली पायजेत. बासष्ट हायती. येक बी सुटता कामा नये. जाताना मला न्हेता यायची न्हाईत."

ऋतानं शब्द दिला. मी शेजारीच उभी होते. तो शब्द मी वहीत लिहिला नाही, पण तो माझ्याही डोक्यावर होता.

पहिल्या आठ दिवसांत आम्ही सकाळचे सगळे सीन केले, आणि दुपारी आबा एकटे मेंढी शोधत हिंडतात ते सगळे. आबांना अभिनय येत नव्हता. शॉट संपायच्या आधीच ते कॅमेऱ्यात बघून विचारायचे, "झालं का?" योगेशनं कपाळाला हात लावायचा, आम्ही हसायचं आणि परत घ्यायचं. पण संध्याकाळी कॅमेरा बंद झाला की मी त्यांना बघत राहायची. मेंढरं वाघरीत गेली की ते जाळीपाशी उभे राहायचे. मोजायचे नाहीत, त्यांना मोजायची गरज नव्हती, तोंडं ओळखीची होती. नजर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि ते हळूच म्हणायचे, "आली समदी." ते ऐकलं की आक्का चुलीवर चहाचं भांडं ठेवायच्या. त्याच्या आधी चहा नाही. पाहुणे असले तरी नाही.

मग लग्नसराई आली आणि योगेश कॅमेऱ्यासकट लग्नांना गेला. तीन आठवड्यांची सुट्टी. निघताना मी आबा-आक्कांना समोर बसवून सगळं बजावलं. आबा, दाढी अशीच ठेवा. हा सदरा धुवायचा पण बाहीचं फाटलेलं शिवायचं नाही. आक्का, डाव्या हातात सहाच बांगड्या. पटका हाच. चपलेचा अंगठा असाच. वहीची चार पानं भरली. आणि मेंढरांवर? एक ओळ नाही. सगळं निवडून पाखडून ठेवलं आणि मुसळ केरात, म्हणतात ते असं.

आता तीन आठवड्यांनी मी आबांसमोर उभी होते. दाढी तशीच. बाही तशीच फाटलेली. आक्कांनी तर शेजारच्या लग्नालाही सहाच बांगड्या घालून गेल्याचं सांगितलं, बायका हसल्या तरी.

"आबा, कातरायच्या आधी आम्हाला एक फोन..." माझा आवाज मलाच ऐकू येईना.

आबांचं हसू गेलं. "का? काय चुकलं का?"

"आपल्या गोष्टीत सकाळ आणि संध्याकाळ एकच दिवस आहे ना? सकाळी लोकर आहे. आता संध्याकाळी..."

आबांनी मेंढरांकडं बघितलं. मग सावकाश खाली बसले. "आवं, उनाळा लागायच्या आत कातरायचीच आसत्यात. समद्यांचीच कातरत्यात. मानसं येत्यात, यकमेकांची कातरून देत्यात, जेवून जात्यात. तुमी मानसांचं समदं सांगिटलं. मेंढरांचं कोन बोललं न्हाई."

खरं होतं. कोणी बोललं नव्हतं. आम्ही पाच जण शहाणे, आणि वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात हे एकालाही ठाऊक नव्हतं. आबांना वाटलं असणार, एवढी साधी गोष्ट यांना माहीतच असेल.

सुभेदारकाकांनी ताबडतोब सैनिकी पद्धतीनं ऑप्शन मांडायला घेतले. "पहिला ऑप्शन. दुसरा कळप शोधायचा. लोकरवाला."

ते जीप घेऊन गेले आणि दुपारी धुळीनं माखून परत आले. "सब के सब कातरे हुए," ते म्हणाले. "एक मिळाला होता, पण तो माणूस म्हणतो, माझी मेंढरं दुसऱ्याच्या मागं चालणार नाहीत. मी चालून बघितलं. नाही चालली."

दुसरा ऑप्शन थांबण्याचा. लोकर परत यायला पाच-सहा महिने. पाडवा अकरा दिवसांवर. हा ऑप्शन कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही.

तिसरा योगेशनं सुचवला, आणि तो वाईट नव्हता. "मेंढरं दाखवायचीच नाहीत. संध्याकाळच्या सीनमध्ये फक्त आबांचा चेहरा. कळप कॅमेऱ्याच्या मागं. घंटा, बें-बें, पावलं, सगळं आवाजात. लोक म्हणतील काय आर्टिस्टिक आहे."

लो-बजेट सिनेमात हा नेहमीचा उपाय असतो. जे दाखवणं परवडत नाही ते ऐकवायचं. पाऊस नसेल तर पत्र्यावर पावसाचा आवाज, गर्दी नसेल तर खिडकीबाहेर गर्दीचा आवाज. मी मान डोलावली. माझी चूक झाकली जात होती, मी का नाही डोलावणार?

"नाही," ऋता म्हणाली.

"का? बरं दिसेल."

"बरं दिसेल रे. पण मी त्यांना शब्द दिलाय. सगळी दिसतील म्हणून. शेवटचा सीन सगळ्या कळपाचा आहे. तिथंच ती सगळी एकदम दिसणार होती. सकाळच्या शॉटमध्ये निम्मी धुळीत आहेत."

"मग सिनेमाच होणार नाही," योगेश म्हणाला.

"नाही झाला तर नाही." एवढं बोलून ती जीपच्या पलीकडं गेली. तिचे खांदे हलताना मला काचेतून दिसत होते. सुभेदारकाका तिच्याकडं जायला निघाले आणि अर्ध्यातून परत फिरले. मुलगी रडत असताना काय करायचं, हे त्यांच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. मी वही उघडून बसले होते आणि मला पानावरचं काही दिसत नव्हतं. माझ्यामुळं एका पोरीचा पहिला सिनेमा जाणार होता, आणि एका म्हाताऱ्याची मेंढरं कुठल्याही आठवणीत न उरता जाणार होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात आक्का आल्या. तळामागच्या छपरातून, हातात दोरी धरून. दोरीच्या दुसऱ्या टोकाला चांदी.

चांदी म्हणजे आमची हिरॉइन. सिनेमात चुकते ती मेंढी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. आणि चांदीच्या अंगावर लोकर होती. सगळीच्या सगळी.

मी उठून उभी राहिले. "आक्का, ही?"

"ही ठिवली मी," आक्का म्हणाल्या. "तुमी रोज मला म्हनायच्या, काल हुतं तसंच पायजे. बांगड्या मोजायच्या, पदर बगायच्या, फोटू काडायच्या. मग मी म्हनलं, ही तर रोज फोटूत आसती. हिचं बी काल हुतं तसंच पायजे आसंल. बाकीच्या मेंढरांकडं तर तुमी बगतच नव्हता. म्हनून बाकीची कातरू दिली."

आबा कुरकुरले, "लय भांडली माझ्याशी. कातरनारी मानसं हसाय लागली. ह्या उनात लोकर घिऊन हुबी हाय बिचारी. रोज हंडाभर पानी वतती ही हिच्या अंगावर. टँकरचं पानी!"

जतमध्ये मार्च महिन्यात टँकरचं पाणी मेंढीच्या अंगावर ओतायचं म्हणजे काय, ते तिथल्याच माणसाला कळेल. मी आक्कांचा हात धरला. बांगड्या मोजल्या. सहा होत्या.

आक्कांनी चांदीची दोरी सोडली. चांदी वाघरीत शिरली. तर बाकीची मेंढरं बाजूला सरकली. हुंगायला लागली. ही गुबगुबीत, काळी, त्यांना ओळखू येईना. दोन कोकरं तर घाबरून पळाली.

आबा गुडघ्यावर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "बगा की. कातरनीच्या दिशी चुकली हुती आन आत्ता घावली, आसं वाटतंय."

ते सहज बोलले. त्यांना आपण काय बोललो ते ठाऊकही नव्हतं. माझ्या मात्र कानशिलात काहीतरी टणकन वाजलं.

"ऋता!" मी इतक्या जोरात ओरडले की कुत्रं भुंकायला लागलं. "ऋता, इकडं ये. आबांनी तुझा सीन लिहिलाय."

ती डोळे पुसत आली. मी वही तिच्यापुढं धरली आणि भराभर सांगत सुटले. सकाळी लोकर आहे, बरोबर? असू दे. गोष्टीतला दिवस कातरणीचा करायचा. सकाळी चांदी चुकते. आबा शोधायला जातात. ते माळावर हिंडत असताना इकडं माणसं येऊन कळप कातरतात. संध्याकाळी आबा चांदीला घेऊन परत येतात, तर सगळा कळप बदललेला. फक्त ती एकटी सकाळसारखी.

ऋतानं माझ्या हातातली वही घेतली. मग म्हणाली, "आणि तिला कळपात सोडतात, तर मेंढरं ओळखत नाहीत."

"मग?" योगेशनं विचारलं.

"मग आबा तिला कातरतात. शेवटचा शॉट तोच."

सुभेदारकाकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "अब लग रहा है कुछ."

आता कामाला लागायचं होतं. कातरणी आहे हे प्रेक्षकाला सकाळीच कळायला हवं. सकाळचे सीन तर होऊन गेलेले. पण एका शॉटमध्ये आबा-आक्का पाठमोरे बसलेत. पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळं त्याच्यावर नवा संवाद टाकता येतो. आक्कांचा आवाज छपरात रेकॉर्ड केला: "आज कातराय मानसं येनार हायती, ध्यानात हाय न्हवं?" एका टेकमध्ये ओके. आक्का म्हणाल्या, "ह्ये तर मी ह्यास्नी दर साली म्हनतीच."

लोकरीचा ढीग हवा होता. लोकर घोंगडी विणणाऱ्याकडं गेली होती. सुभेदारकाका गेले आणि पोती घेऊन आले, विणणाऱ्यासकट. त्याला खात्री नव्हती की ही माणसं लोकर परत देतील. तो दिवसभर पोत्यांवर नजर ठेवून बसला, आणि सिनेमातही मागं तसाच बसलेला दिसतो.

पहिल्या वेळी योगेशनं एक सुंदर शॉट घेतला होता. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लोकरवाला कळप टेकडीवरून खाली येतो. तो आता संध्याकाळ म्हणून चालणार नव्हता. योगेश इतका हळहळला की ऋता म्हणाली, "पहाट म्हणून वापरू. ऊन तेच, कोण बघतंय?" मी हरकत घ्यायला हवी होती. सावल्या उलट्या पडणार होत्या. पण त्या दिवशी हरकत घ्यायचा अधिकार मी गमावला होता.

मी एक गोष्ट मात्र केली. आक्कांना घेऊन वाघरीत बसले आणि नव्या पानावर एकेक मेंढरू लिहून घेतलं. कानतुटी. बोरी. काळतोंडी. लंगडीची थोरली. लंगडीची धाकटी. पांढऱ्या खुराची. बासष्ट नावं. आक्का नाव सांगताना प्रत्येकीच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. पाडवा जवळ येत होता, हे त्यांनाही माहीत होतं. चाळिसाव्या नावानंतर त्या थांबल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लिवा. फुडं लिवा."

शेवटचा सीन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घेतला. अडचण सगळ्यांना कळत होती. एकदा मेंढी कातरली की कातरली. रीटेक नाही. आणि आबा म्हणजे शॉट संपायच्या आत कॅमेऱ्याकडं बघून "झालं का?" विचारणारे.

ऋतानं त्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "आबा, चांदीला आत सोडा आणि मग कातरा. तुम्ही नेहमी करता तसं."

"बोलायचं काय?"

"काही नाही."

योगेशनं कॅमेरा अशा जागी लावला होता, की आबा पुढं आणि मागं अख्खी वाघर. माझ्या हातात बासष्ट नावांचं पान. मी एकेक बघून खूण करत गेले. चांदी सोडून सगळी फ्रेममध्ये होती. मी ऋताला अंगठा दाखवला.

आबा चांदीला घेऊन आले. वाघरीत सोडली. मेंढरं सरकली, हुंगू लागली. आबा थोडा वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी तिला बाहेर घेतलं, आडवी केली, चारी पाय एकत्र बांधले आणि कातर हातात घेतली. कच् कच् कच्. काळी लोकर घडी उलगडावी तशी एका बाजूला पडत गेली. बारा मिनिटं. कुणी हललं नाही. आबांनी एकदाही कॅमेऱ्याकडं बघितलं नाही, कारण हातात काम होतं. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आठ दिवस आम्ही त्यांना नुसतं चालायला, बसायला, बघायला लावत होतो. काम करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाय सोडले. चांदी झटकन उठली, अंग झाडलं आणि कळपात गेली. या वेळी कुणी सरकलं नाही. एका क्षणात मलाही ती सापडेना.

आबा जाळीला धरून कसेबसे उभे राहिले. नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पटकथेत पुढं काही नव्हतं. ते हळूच म्हणाले, "आली समदी." आणि मग मान वळवून कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला बघितलं. तिथं आक्का उभ्या होत्या. चहासाठी बघितलं होतं.

ऋताला कट म्हणता येईना. शेवटी सुभेदारकाका म्हणाले, तेही हळू आवाजात.

पाडव्यानंतर मेंढरं गेली. मी तिथं नव्हते आणि नव्हते ते बरंच. सिनेमाचं एडिटिंग ऋताच्या साताऱ्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत झालं. दोन-तीन छोट्या महोत्सवांत तो दाखवला गेला. एका ठिकाणी एक जाणकार गृहस्थ ऋताला म्हणाले, कातरणीची कल्पना फार विचारपूर्वक रचलीय. ती म्हणाली, हो, बराच विचार करावा लागला.

आबा-आक्कांना आम्ही तो कुपवाडला दाखवला. मुलाच्या दोन खोल्या, बाहेर कारखान्यांची रांग. सुट्टीचा दिवस, भर दुपार. खिडकीला चादर बांधून अंधार केला आणि भिंतीसमोर प्रोजेक्टर लावला. आबा कॉटवर बसले. गुडघे सुधारले होते, वजनही वाढलेलं, पण हात मांडीवर नुसते पडून होते. त्या हातांना काही काम उरलं नव्हतं, हे बघून मला वाईट वाटलं.

पहिलाच शॉट योगेशच्या पहाटेचा. आबा लगेच म्हणाले, "ही सकाळ न्हवं. सांज हाय."

योगेश दचकला. "कशावरून आबा? सावल्यांवरून?"

"सावल्या कशाला? पोटं बग की. भरल्याली हायती. सकाळी अशी चालत्यात व्हय मेंढरं?"

महोत्सवातल्या कुणालाही दिसलं नव्हतं. घारीलाही नाही.

मग त्यांचे नुसते ओठ हलत राहिले. शेवटच्या सीनला मी जवळ सरकले तेव्हा ऐकू आलं. कानतुटी. बोरी. काळतोंडी. लंगडीची थोरली. भिंतीवर चांदीची लोकर पडत होती आणि आबा एकेकीचं नाव घेत होते. चांदी उठली, अंग झाडून कळपात गेली. भिंतीवरचे आबा उभे राहिले. ते काही बोलायच्या आधी कॉटवरचे आबा म्हणाले, "आली समदी."

आक्का उठल्या, आत गेल्या आणि गॅसवर चहाचं भांडं ठेवलं. सिनेमा अजून संपलाही नव्हता.

तर मला झालेला बोध लहानच आहे. सेटवर मी जो तक्ता भरते त्यात कपडे, केस, दागिने, वस्तू असे रकाने पूर्वीपासून आहेत. आता एक जास्तीचा आहे, सगळ्यात वर: इथल्या माणसांचं या महिन्यात काय काम असतं? नव्या लोकेशनला पोहोचले की कुणीतरी चहा पुढं करतं. मी म्हणते, थांबा, आधी एवढं सांगा. तो रकाना भरला की मगच चहा.